गडाबाहेरचे सात

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर शेवट जरा बरा केला असता.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. वर्ल्ड कपची फायनल होती तो दिवस. तारीख कोणीच विसरणार नाही, मी तर नाहीच नाही. जागा म्हणजे कर्जत तालुक्यातला एक लहानसा गड. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. कडावहून मोटरसायकलवर पाऊण तास आणि मग दीड तासाची चढण, एवढं पुरे. वाचून कोणी शोधत तिकडे जाऊ नये, म्हणून.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी घडलंय. लख्ख ऊन होतं.

माझं नाव रत्नदीप. रसायनीला एका कंपनीत ऑपरेटर आहे. तिथंच खोली घेऊन राहतो, एकटा. ही गोष्ट माझ्या थोरल्या भावाची, प्रबुद्धदादाची. तो आणि रूपावहिनी कडावला आमच्या घरी राहायचे. दादा खालापूरकडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचा.

‘शिकवायचा’ असं लिहिलंय खरं, पण दादा मेलाय असं मी म्हणत नाही.

तो अजून घरी आलेला नाही, एवढंच मला माहीत आहे. तो येऊ शकतो की नाही, हेही मला माहीत आहे. त्याचंच तर दुखणं आहे.

आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. दीक्षा घेतली तेव्हाच आजोबांनी देव्हारा विहिरीत सोडला होता. दादा तर त्यात सगळ्यांच्या पुढे. गावात कोणाच्या अंगात आलं की हा तिथं समजूत काढायला हजर. लहानपणी मी अंधारात परसाकडे जायला घाबरायचो तर मला मुद्दाम पाठवायचा आणि स्वतः दारात उभा राहून मोठ्याने पाढे म्हणायचा. मला सोबत म्हणून.

त्या वर्षी एका गड साफ करणाऱ्या मंडळाने त्याला काम दिलं होतं. गडाच्या पायथ्याला माहितीचा फलक लावायचा, मजकूर गुरुजींनी लिहायचा. दादाने महिनाभर डोकं घालून तो लिहिला. एकच ओळ अडली होती.

गडावर शिबंदी किती? म्हणजे राखणीला सैनिक किती असायचे?

एका जुन्या पुस्तिकेत पंचवीस असं छापलेलं होतं. दुसरा कोणी असता तर पंचवीस लिहून मोकळा झाला असता. आमचा दादा म्हणाला, आकडा मी स्वतः काढणार. गडावर पाणी किती साठतं ते मोजायचं. माणशी रोज दहा लिटर, पावसाळा सोडून आठ महिने. जितक्यांना पुरतं तितकी माणसं. टेप धरायला कोणीतरी हवं होतं आणि माझी साप्ताहिक सुट्टी होती. मॅच दोनला सुरू होणार म्हणून मी त्याच्याकडून दीडपर्यंत खाली उतरायचं वचन घेतलं. दादाचं वचन म्हणजे काय ते मला माहीत होतं, तरी घेतलं.

पायथ्याला ठाकरवाडी आहे. तिथले शुक्राभाऊ, साठीचे असतील, आमच्याबरोबर निघाले. त्यांना तसंही वर जायचंच होतं. भात झोडून झालं की नव्या तांदळाच्या भाकरी गडाच्या दरवाजात नेऊन ठेवायच्या, ही त्यांच्या वाडीची पद्धत. डोक्यावर भाकरींची टोपली आणि काखेत पळसाची पानं घेऊन तो माणूस आमच्यापुढे असा चढत होता, की मला माझ्या वयाची लाज वाटली.

गडावर चिटपाखरू नव्हतं. सगळा तालुका टीव्हीसमोर बसलेला.

दरवाजाची कमान कधीच पडलेली आहे, नुसते दोन खांब उरलेत. आतलं मोठं टाकं आम्ही मोजलं. खोली बघायला दोरीला दगड बांधून सोडला. हिशोब करून दादाने वही मला दाखवली. साठ हजार लिटर. बरोब्बर पंचवीस माणसं.

पुस्तिका बरोबर निघाली, आता चल, असं मी म्हटलं.

तेव्हा दादा म्हणाला की अजून एक टाकं आहे. दरवाजाच्या बाहेर, खाली, लहानसं.

ते मोजलं. सोळा हजार आठशे लिटर. सात माणसांचं पाणी.

दोन टाकी का, एक आत आणि एक बाहेर का, हे आम्हा दोघांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमची आजी सांगायची, की गडाच्या दरवाजाखालच्या मेटावर, म्हणजे चौकीवर, राखण आपल्या लोकांची असायची. हातात घुंगुरकाठी. संध्याकाळी दरवाजा बंद झाला की आतले आत आणि बाहेरचे बाहेर. पाऊस असो, वाघ असो.

टाक्याच्या बाजूला कातळाचा एक लांबट ओटा आहे. येताना मी त्याला टेकून बुटाची नाडी बांधली होती, लक्ष दिलं नव्हतं. दादाने बोट दाखवलं. ओट्यावर एका रांगेत खळगे होते, बसून बसून झिजलेले, गुळगुळीत. पाठ टेकायची जागासुद्धा झिजलेली.

मोजले. सात.

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मला म्हणाला, “रत्ना, ही माणसं कागदावर कुठंच नाहीत. प्यायलेल्या पाण्यावरून सापडली.”

मला मॅच आठवत होती, पण त्या वेळी मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

शुक्राभाऊंचं काम चालू होतं. दरवाजाच्या आत त्यांनी पंचवीस पानं मांडली, मोजून. प्रत्येक पानावर भाकरीचा तुकडा. मग बाहेर आले. उरलेल्या भाकरी टोपलीतच कुस्करल्या आणि ती टोपली तशीच ओट्यापुढे ठेवली. पान नाही, वाटणी नाही. नुसता ढीग.

दादा तापला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. वर्गात पोरांनी दंगा केला तरी त्याचा आवाज चढायचा नाही.

“आतल्यांना पान आणि आमच्यांना टोपली?”

शुक्राभाऊंना वाईट वाटलं असावं. मग हळू आवाजात म्हणाले, “तसं नाय गुरुजी. आतलं समदं गेलं. त्यांची नावं व्हती, आकडा व्हता, बदली आली की आपल्या घरी गेलं. ती पानं नुसती आठवनीची. हे बाहेरचं हायेत आजून. यांना मोजू नका.”

का नाही मोजायचं, असं मी विचारलं.

“मोजलेला मानूस बदली मागतो.”

दादा हसला. मला मात्र ते कुठंतरी लागलं. आमच्या प्लांटवर नियम आहे, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो नाही आला तर बसा तसेच पुढच्या पाळीला. मी सोळा-सोळा तास बसलोय. पण मस्टरवर माझं नाव असतं, म्हणून आज ना उद्या कोणीतरी येतो. ज्याचं नावच मस्टरवर नाही, त्याच्या जागी कोण कोणाला पाठवणार?

दादाने ऐकलं नाही. तो म्हणाला, इतकी वर्षं यांना कोणी मोजलं नाही, आज मी मोजणार. त्याने सात पानं घेतली. एकेका खळग्यापुढे एकेक पान मांडलं, टोपलीतली भाकरी वाटली आणि वर्गात हजेरी घेतो तशा खणखणीत आवाजात मोजलं.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

वहीत लिहिलं: बाहेरची शिबंदी सात. एकूण बत्तीस.

शुक्राभाऊंनी रिकामी टोपली उचलली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना घेऊन लगेच निघा. आणि वळूनही न बघता उतरायला लागले.

दादाला आतल्या टाक्याचा फोटो राहिल्याचं आठवलं. तू काढून आण, तोवर मी इथलं लिहून घेतो, असं त्याने सांगितलं. मी गेलो. दोन वाजून गेले होते. वर रेंज चांगली होती, मोबाइलवर कॉमेंटरी लावली, फोटो काढले, बाटल्या भरल्या. फार तर दहा मिनिटं.

परत येताना दरवाजाच्या खांबापाशी पोचलो आणि…

कॉमेंटरी थांबली.

रेंज पूर्ण दिसत होती. आवाज वाढवून पाहिला. काही नाही. मग लक्षात आलं की रानातलाही आवाज गेलाय. पक्षी नाही, किडा नाही. वारा होता, पानं हलत होती, पण त्यांची सळसळ ऐकू येत नव्हती.

मी दादाला हाक मारली.



बाहेर आलो. दादा ओट्यावर बसला होता. अगदी शेवटच्या खळग्यात. पाठ कातळाला, हात गुडघ्यांवर, नजर खालच्या वाटेवर. वही जमिनीवर पडलेली.

आणि पानं…

सहा पानांवर भाकरी तशीच होती. दादापुढचं सातवं पान रिकामं. पुसून घेतल्यासारखं स्वच्छ.

दादा, चल, असं मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. थांब, तो आला की निघू, इतकंच म्हणाला. कोण तो, असं विचारत मी त्याला दंडाला धरून उठवलं. अंगाने जड वाटला, ओल्या पोत्यासारखा. त्याला उठवताना माझा हात खळग्याला लागला. तिथं सावली होती, आजूबाजूचा कातळ गार होता. खळगा ऊबदार होता. दादा नुकता उठलाय म्हणून, अशी मी मनाची समजूत घातली.

मग बाजूच्या खळग्याला हात लावून पाहिला.

तोही ऊबदार होता.

आम्ही उतरायला लागलो. मी त्याचा हात सोडलाच नाही. पहिलं वळण उतरलो आणि आमच्या पुढे, खालच्या वाटेवर…

घुंगरं वाजली.

काठी दगडावर आपटत जाते तशी. खण, खण, खण. माणूस दिसत नव्हता. आवाज मात्र भराभर खाली चालला होता. घाबरवणारा नव्हता तो, हेच सगळ्यात वाईट. पाळी सुटल्यावर आम्ही गेटकडे जातो ना, तसा होता. घाईघाईत, खुशीत. वाट फुटते तिथं तो कडावच्या बाजूला वळला आणि गेला.

मी दादाकडे बघितलं. त्याने तो आवाज ऐकला होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्या रात्री मॅच हरलो म्हणून अख्खं गाव गप्प होतं. त्यामुळे दादाच्या गप्प बसण्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, वहिनींचंही नाही. मी दुसऱ्या दिवशी रसायनीला ड्युटीवर गेलो. जायला नको होतं.

तीन-चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. दादा शाळेत जात नव्हता. दिवसभर घराबाहेरच्या ओट्यावर बसायचा, गडाकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर. रात्रीही तसाच. सकाळी एक बादली पाणी भरून घ्यायचा आणि दिवसभर तेवढंच वापरायचा, प्यायला तेच आणि अंघोळीला तेच. वहिनींनी बादली बघितली. दहा लिटरची होती.

मी रजा टाकून गेलो. कर्जतला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कामाचा ताण म्हणून सांगितलं, झोपेच्या गोळ्या दिल्या. गडावरचं मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? जन्मभर आम्ही दुसऱ्यांना सांगत आलो, की असलं काही नसतं.

घरी येताना रिक्षात दादा पहिल्यांदा नीट बोलला.

“रत्ना, मी जागा सोडून आलोय रे.”

मी त्याला रागावलो. तू मास्तर आहेस, तुझी जागा शाळेत, असं काहीबाही बोललो. तो मान हलवत राहिला. समजूतदार माणूस होता, दुसऱ्याचं मन मोडायचा नाही.

तीस तारखेला रात्री आठला त्याचा मला फोन आला. आवाज अगदी पहिल्यासारखा. जेवलास का, विचारलं. मग म्हणाला, तुमच्याकडे रिलीव्हर नाही आला तर माणूस पळून जातो का कधी? मी म्हटलं, पळाला तर नोकरी जाते, आणि मागे प्लांट उडाला तर माणसं जातात. तो म्हणाला, बरोबर आहे.

हे मी बोललो. मीच.

१ डिसेंबरला पहाटे तो घरातून गेला. मोटरसायकल ठाकरवाडीत सापडली. पोलीस आले, डोंगरात शोध घेणारी पोरं आली. चार दिवस दऱ्या, टाकी, कपारी, सगळं पालथं घातलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे गडाच्या आत होते. मी एकटा दरवाजाबाहेर थांबलो. त्या ओट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं.

सहा खळग्यांत वाळलेला पाला साचला होता. शेवटच्या खळग्यात एक काडीसुद्धा नव्हती.

मी जवळ गेलो. आतल्या पोरांच्या हाका ऐकू येत होत्या, त्या एकदम थांबल्या. मी हात पुढे केला. दगडाला लावायच्या आधीच ऊब जाणवली… आणि कानाशी, अगदी जवळून…

“आलास रत्ना? बस.”

दादाचा आवाज. मी शनिवारी घरी गेलो की दारातून म्हणायचा तसाच. त्यात राग नव्हता. दमलेला होता फार. आणि मी आल्याचा त्याला आनंद झाला होता.

मी पळालो.

गुडघे फुटले, मोबाइल दरीत गेला, पण थांबलो नाही. वाडीत शुक्राभाऊंच्या अंगणात येऊन पडलो. त्यांनी पाणी दिलं. काय झालं, हे विचारलंसुद्धा नाही. मग मीच विचारलं, दादा सुटणार कसा?

ते म्हणाले, बदलीवाला आला की. पण त्याला आपला मानूस लागतो, परका चालत नाय.

मी म्हटलं, आम्हाला तर कोणीच उरलं नाही. आई-बाप गेले, मूल नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली.

पुढच्या वर्षी मंडळाने फलक लावला. त्यांच्याकडे दादाचा कच्चा मजकूर होता आणि मी गडावरून उचलून आणलेली त्याची वही, तिच्यात शिबंदी बत्तीस असं लिहिलेलं. मला फोन करून विचारलं, हा आकडा ठेवायचा ना? मी सांगितलं, नको, पंचवीसच छापा. पुन्हा कोणी बाहेरच्यांना मोजायला जाऊ नये म्हणून. फोन ठेवल्यावर कळलं की मी काय केलं. दादा ज्यांच्यासाठी भांडला त्यांना मीच कागदावरून गाळलं. आता त्या सातांत तोही आहे.

वहिनींना मी दोन वर्षं काही सांगितलं नव्हतं. या दिवाळीत सांगितलं, सगळं. आवाजाचंसुद्धा. त्या रडल्या नाहीत. भाजी निवडत होत्या, ती निवडून पूर्ण केली. मग विचारलं, “भाऊजी, बदलीला बाई चालते का?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.

खरं तर मला एवढं कळतं की जायचं तर मी जायला हवं. मी एकटा. माझ्यामागे कोणी रडणारं नाही. तो माझा भाऊ आहे आणि तिथं बसून खालच्या वाटेकडे बघतोय, माझी वाट बघतोय. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी मी ठरवतो आणि दर आठवड्याला खोलीत पडून राहतो. मला भीती वाटते. हे लिहिताना लाज वाटते, पण भीती त्याहून जास्त आहे.

परवा कडावला गेलो होतो. दारात नवे बूट होते, डोंगरात घालतात तसले, बायकांच्या मापाचे.

वहिनी चहा ठेवत होत्या. मी बूट पाहिले, हे त्यांनी पाहिलं.

मी चहा प्यायलो आणि काहीही न बोलता निघून आलो.